पदवी आणि सनद: दक्षिण आफ्रिकेतील दोन वेगळी दारे

ऑगस्ट १९५२ मध्ये नेल्सन मंडेला आणि ऑलिव्हर टांबो यांनी जोहान्सबर्गमध्ये वकिलीचे कार्यालय थाटले, तेव्हा मंडेला यांच्याजवळ कायद्याची पदवी नव्हती. विटवॉटर्सरँड विद्यापीठात त्यांनी १९४३ मध्ये एलएलबीला नाव घातले होते; परीक्षा पार न पडल्याने पदवीविनाच ते बाहेर पडले. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यांना मिळाला तो दुसऱ्या वाटेने, म्हणजे एका वकिली फर्ममधील उमेदवारी आणि त्यानंतरची ॲटर्नीची, म्हणजे अशिलाचे काम थेट घेणाऱ्या वकिलाची, पात्रता परीक्षा यांच्या जोरावर. एलएलबी त्यांनी पूर्ण केली १९८९ मध्ये, कैदेत असताना, युनिसा या दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठामार्फत. सनद आधी आणि पदवी सदतीस वर्षांनी, असा हा उलटा क्रम आहे.

‘वकील झाला’, ‘सीए झाली’, ‘डॉक्टर झाला’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा या एका क्रियापदात दोन वेगळ्या घटना गुंडाळलेल्या असतात. पदवी विद्यापीठ देते आणि तिचा अर्थ एवढाच की अमुक अभ्यासक्रम या व्यक्तीने पूर्ण केला. सनद, नोंदणी किंवा परवाना, जे काही नाव त्या व्यवसायात असेल ते, व्यवसायाचे नियमन करणारी संस्था देते. या व्यक्तीने लोकांचे काम स्वतःच्या जबाबदारीवर केले तर हरकत नाही, असा त्याचा अर्थ असतो. दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या राष्ट्रीय पात्रता आराखड्याच्या कायद्याने हा भेद कागदोपत्रीही पाळला आहे. तेथील पात्रता प्राधिकरण शैक्षणिक पात्रता आणि व्यावसायिक पदनामे यांची नोंद वेगवेगळी ठेवते. अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे काम उच्च शिक्षण परिषदेकडे आहे, तर वकिलांची नोंद लीगल प्रॅक्टिस कौन्सिल, डॉक्टरांची हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिल आणि अभियंत्यांची इंजिनिअरिंग कौन्सिल ठेवते.

दोन्हींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो काढून घेताना. मंडेला यांच्या १९६३-६४ च्या खटल्यात बचावपक्षाचे नेतृत्व करणारे ब्रॅम फिशर यांचे नाव १९६५ मध्ये वकिलांच्या यादीतून खोडण्यात आले. त्यांचे शिक्षण, ऑक्सफर्डमधील वर्षांसह, जिथल्या तिथे राहिले. गेला तो फक्त न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार, आणि तो परत मिळाला २००३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. मंडेला यांच्याबाबतही १९५४ मध्ये ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने, म्हणजे वकिलांच्या संस्थेने, अशीच मागणी केली होती. अन्यायी कायद्यांविरुद्धच्या मोहिमेत झालेली शिक्षा हे तिचे कारण होते, आणि न्यायालयाने ती फेटाळली. वर्गात शिकलेले कोणी परत मागू शकत नाही; व्यवसायात उभे राहण्याची मुभा मात्र समव्यावसायिकांच्या मर्जीशी कायम बांधलेली असते.

समतेच्या प्रश्नाला या भेदामुळे वेगळेच वळण लागते. विद्यापीठाच्या दारात गुण आणि शुल्क विचारले जाते. सनदेच्या दारात आणखी एक गोष्ट लागते: आधीच आत असलेल्या कोणीतरी तुम्हाला हाताखाली घ्यायला हवे. उमेदवारीची ही जागा कोणत्याही गुणवत्ता यादीने वाटली जात नाही. मॅडलिन वुकी या स्त्रीने १९१२ मध्ये केपमधील एका वकिलाकडे उमेदवारी करण्याचा करार केला, तेव्हा लॉ सोसायटीने तो नोंदवण्यास नकार दिला. प्रकरण अपिलात गेले आणि कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री बसत नाही, असा निकाल लागला. शिक्षणाची अडचण तिथे नव्हतीच. अडला होता तो उमेदवारीचा कागद. स्त्रियांना तो अधिकार १९२३ च्या कायद्याने मिळाला. त्याच वर्षी भारतातही स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला, हा योगायोग मराठी वाचकाला सांगण्याजोगा आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली होती. पण ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नसे, आणि सनदेसाठी तर त्यांना १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. परीक्षा, पदवी आणि सनद या तीन गोष्टी इतक्या सुट्या सुट्या एकाच आयुष्यात क्वचितच दिसतात.

वर्णाच्या बाबतीत मनाई लिहून ठेवण्याची गरजही नसे. जोहान्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय तरुणाला उमेदवार म्हणून घेणारी गोऱ्यांची फर्म सापडणेच दुर्मीळ होते. मंडेला यांना ती मिळाली वॉल्टर सिसुलू यांच्या ओळखीमुळे. सिसुलू जमीन-घरांच्या व्यवहारातले होते आणि फर्मचे भागीदार लाझार सिडेल्स्की त्यांना ओळखत होते. त्या उदारमतवादी कार्यालयातही पहिल्याच दिवशी तेथील सेक्रेटरीने मंडेलांना कौतुकाने सांगितले की, तुमच्यासाठी आणि गौर राडेबे या दुसऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यासाठी चहाचे दोन नवे कप आणले आहेत. नव्या कपांचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागू नये. पदवी देणाऱ्या विद्यापीठात असे काही घडले तर निदान तक्रार करता येते. उमेदवाराने ती कोणाकडे करायची? त्याची दोन-तीन वर्षे ज्यांच्या सहीने पूर्ण होणार, तेच समोर बसलेले असतात.

वर्णभेदी राजवट १९९४ मध्ये संपली आणि धोरणकर्त्यांनी पहिल्या दाराकडे लक्ष दिले, ते योग्यच होते. १९९९ च्या कायद्याने विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अर्थसाहाय्य योजना उभी राहिली. शुल्कवाढीविरुद्ध २०१५ मध्ये विद्यार्थ्यांचे मोठे आंदोलन झाल्यानंतर, १६ डिसेंबर २०१७ रोजी, वार्षिक ३,५०,००० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी विनामूल्य उच्च शिक्षणाची घोषणा झाली. या उत्पन्नाच्या जरा वर असलेल्यांचे हाल हा वेगळा विषय आहे. मुद्दा असा की हा पैसा पदवीपाशी संपतो. समता आली का हे मोजण्यासाठी विद्यापीठातील पटसंख्या आणि पदवीधरांची संख्या पुढे केली जाते, आणि ती बरीच सुधारलेली दिसतेही. माझ्या मते या मोजणीतच घोटाळा आहे, कारण पदवीधरांची यादी आणि सनदधारकांची यादी शेजारी ठेवली की चित्र बदलते.

सनदी लेखापालांचे उदाहरण घ्यावे. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय आफ्रिकी लोक सुमारे ८० टक्के आहेत. सीएंच्या यादीत त्यांचा वाटा अजूनही एक चतुर्थांशाच्या खाली आहे. पहिले कृष्णवर्णीय सीए वाइझमन न्कुहलू १९७६ मध्ये झाले, पहिली कृष्णवर्णीय स्त्री नोंकुलुलेको गोबोडो १९८७ मध्ये. भारतात बारावीनंतर फाउंडेशनच्या मार्गाने, विद्यापीठाची पदवी नसतानाही, सीए होता येते; आर्टिकलशिप करणारी मुले पदवी बाजूने पूर्ण करतात. दक्षिण आफ्रिकेत तसे चालत नाही. तेथे लेखाशास्त्राची पदवी हवी, त्यावर एका वर्षाचा सीटीए म्हणून ओळखला जाणारा अवघड पदव्युत्तर टप्पा हवा, मग सायका या लेखापालांच्या संस्थेची पहिली परीक्षा, मान्यताप्राप्त कार्यालयात तीन वर्षांची उमेदवारी आणि शेवटची परीक्षा.

ही पदवी मात्र सायकाने मान्य केलेल्या विद्यापीठाची लागते, आणि गुंता येथे होतो. उच्च शिक्षण परिषदेच्या दृष्टीने दोन विद्यापीठांच्या बीकॉम पदव्या सारख्याच वैध असतात. पण वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी म्हणून काढलेल्या काही विद्यापीठांना सायकाची मान्यता दीर्घकाळ नव्हती. अशा विद्यापीठातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला नोकरी मिळू शकते, एमकॉम करता येते, सीएच्या रांगेत मात्र त्याला आधी दुसऱ्या विद्यापीठात जोडअभ्यासक्रम करावा लागतो. त्या वाढीव वर्षाचा खर्च ज्याच्या घरी परवडत नाही तो तेथेच थांबतो. पदवीच्या आकडेवारीत तो यशस्वी म्हणून मोजला गेलेला असतो.

सायकाने २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘थुथुका’ कार्यक्रमाचे महत्त्व मला यासाठी वाटते की त्याने दोन्ही दारांचा एकत्र विचार केला. या झुलू शब्दाचा अर्थ पुढे जाणे, विकसित होणे. २००५ मध्ये त्याला शिष्यवृत्ती निधीची जोड मिळाली. निवडलेली मुले विद्यापीठात एका तुकडीने ठेवली जातात, त्यांना जादा शिकवणी आणि मार्गदर्शक मिळतात, आणि पैसा देणाऱ्यांत लेखा फर्मही असल्यामुळे उमेदवारीच्या जागेचा प्रश्न अभ्यास संपल्यावर अचानक समोर येत नाही. असा कार्यक्रम थोड्यांनाच सामावतो, ही त्याची मर्यादा उघड आहे.

वकिलीत आता मंडेलांची वाट बंद आहे. एलएलबी आवश्यक आहे आणि उमेदवारीही. २०१४ च्या लीगल प्रॅक्टिस कायद्याखालील नियमांनुसार ॲटर्नी होण्यासाठी दोन वर्षांची उमेदवारी करावी लागते, किंवा सहा महिन्यांचे पूर्णवेळ व्यावहारिक प्रशिक्षण घेतले तर एक वर्षाची. ही दुसरी सोय, म्हणजे वकिलीचे व्यावहारिक शिक्षण देणाऱ्या शाळा, ओळखीपाळखी नसलेल्या पदवीधरांना मोठाच आधार आहे, कारण फर्मला एक वर्षाचा आणि थोडे काम येणारा उमेदवार घेणे सोपे वाटते. तरीही उमेदवारांसाठीच्या जाहिरातींत वाहन चालवण्याचा परवाना आणि स्वतःची गाडी ही अट नेहमी दिसत आली आहे. त्यामागचे कारण साधे आहे: उमेदवाराने कागद घेऊन न्यायालयाच्या कचेरीत जायचे, ते दाखल करायचे, शिक्का मारून परत आणायचे. चार वर्षांच्या एलएलबीत ज्याचा उल्लेखही नाही अशी ही अट गरीब घरातल्या पदवीधराला गुणपत्रिकेपेक्षा जड जाते.

वैद्यकात चित्र वेगळे आहे, कारण उमेदवारी देणारा मालक सरकार आहे. पदवीनंतर दोन वर्षे इंटर्नशिप आणि त्यावर एक वर्ष सामुदायिक सेवा, जी डॉक्टरांसाठी १९९८ मध्ये सुरू झाली, ही पूर्ण झाल्यावरच स्वतंत्र व्यवसायाची नोंदणी होते. आपल्याकडची इंटर्नशिप पदवीच्या आतच मोजली जाते, त्यामुळे हा क्रम मराठी वाचकाला चटकन उमगत नाही: तेथे पदवीदान समारंभात शपथ घेतलेला डॉक्टर अजून तीन वर्षे स्वतःची पाटी लावू शकत नाही. या जागांचा पगार प्रांतांच्या अंदाजपत्रकातून येतो. पैसा कमी पडला की जानेवारी उजाडूनही काही डॉक्टरांना रुग्णालय मिळालेले नसते. खेड्यांत डॉक्टर कमी आणि जागेसाठी ताटकळणारे डॉक्टर शहरांत, असे दृश्य मग दिसते, आणि दोष विद्यापीठांना दिला जातो, ज्यांचे काम केव्हाच संपलेले असते.

या बाबतीत एका लहान योजनेने उलटा विचार केला. एस्वातिनीच्या (पूर्वीच्या स्वाझीलँडच्या) सीमेलगत क्वाझुलू-नाताल प्रांतात इंग्वावुमा नावाचे गाव आहे. तेथील मोस्व्होल्ड रुग्णालयातून १९९९ मध्ये स्थानिक मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, जिचा विस्तार पुढे उमथोम्बो या संस्थेत झाला. गावातली मुले निवडायची, सुट्टीत त्यांना त्याच रुग्णालयात काम करू द्यायचे, आणि जितकी वर्षे मदत घेतली तितकी वर्षे त्यांनी ग्रामीण रुग्णालयात काम करायचे. मनुष्यबळाचे नियोजन या भारदस्त शब्दाचा हा साधा अर्थ आहे.

अभियांत्रिकीत नोंदणी नसली तरी नोकरी करता येते, नकाशावर अंतिम जबाबदारीची सही करता येत नाही. त्यासाठी पदवीनंतर किमान तीन वर्षांचा देखरेखीखालील अनुभव लागतो. याविषयी अधिक सांगण्यासारखे फार नाही.

दोन्ही दारे एकाच चौकटीत बसवली तर काय होते, हे मात्र तेथील तांत्रिक महाविद्यालयांत पाहावे. व्यवस्थापन, विपणन किंवा तत्सम विषयांत विद्यार्थी एन-४ ते एन-६ हे टप्पे अठरा महिन्यांत वर्गात पूर्ण करतो. राष्ट्रीय डिप्लोमा हातात पडण्यासाठी त्याला आणखी अठरा महिने कामाच्या ठिकाणी काढून, वरिष्ठाची सही असलेली नोंदवही सादर करावी लागते. देशात मोठ्या पगारपटाचे मालक एक टक्का कौशल्य विकास आकार भरतात आणि त्यातून अशा विद्यार्थ्यांना विद्यावेतन देता येते; पण विद्यावेतन मिळाले तरी घ्यायला तयार असलेले कार्यालय शोधावेच लागते, आणि लहान गावात तसे कार्यालय म्हणजे बहुधा नगरपालिका, तीही अर्ज ठेवून घेणारी. तिन्ही टप्प्यांत सगळे विषय उत्तीर्ण असलेला हा विद्यार्थी नोकरीच्या अर्जात शिक्षणाच्या रकान्यात काय लिहितो? ‘एन-६’. डिप्लोमा त्याला लिहिता येत नाही.