सरकारवाडा : पेशव्यांच्या कारभारापासून संरक्षित स्मारकापर्यंत

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की जुन्या नाशकात तीन गोष्टींची चौकशी होते : गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले, ते नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे सरकते आहे का, आणि सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या. 1969 आणि 2008 च्या महापुरांच्या आठवणी सांगताना जुनी माणसे आजही हीच मापे वापरतात. त्यातल्या सरकारवाड्याची ओळख मात्र अनेकांसाठी त्या पायऱ्यांपाशीच थांबते.

मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हटले जाणारे हे शहर अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांच्या अमलाखाली आले. राघोबादादांचे वास्तव्य असलेली आनंदवल्ली आणि गोपिकाबाईंनी अखेरची वर्षे काढलेले गंगापूर ही दोन्ही ठिकाणे शहरालगतचीच. घाट, मंदिरे आणि सरदारांचे वाडे याच काळात उभे राहिले. सरकारवाडा ही त्या काळातली कारभाराची वास्तू असून, 'सरकार' म्हणजे पेशवे, हा अर्थ तिच्या नावातच आहे.

वाड्याची रचना खालून वर वाचावी. तळाशी घडीव काळ्या पाषाणाचे उंच जोते आणि रुंद पायऱ्या आहेत, तर वर सागवानी खांब, तुळया आणि कोरीव महिरपी. सह्याद्रीचा हा बेसाल्ट घडवायला अवघड, पण तो पाणी फारसे शोषत नाही. शिवाय नेमके बसवलेले चिरे स्वतःच्या वजनानेच एकमेकांना धरून राहतात. लाकडाचे तसे नाही, ते वारंवार भिजले की कुजते. नदीकाठच्या उतारावर बांधताना लाकूडकाम पुराच्या पातळीच्या वर ठेवणे भाग होते, आणि जोत्याच्या उंचीत दिमाखाइतकाच हा हिशेबही असावा, असे मला वाटते.

1818 मध्ये पेशवाई संपली, तरी वाडा ओस पडला नाही. इंग्रजांनीही तो सरकारी कामासाठीच वापरला. 1840 मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही दीर्घकाळ याच वास्तूत होते. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा 1869 चा, म्हणजे जिल्ह्याआधी 29 वर्षे इथे वाचनालय होते, ही बाब या शहराविषयी बरेच काही सांगून जाते. पोलीस ठाण्याने तर वाड्याचे नावच घेतले आणि ते आजही 'सरकारवाडा पोलीस ठाणे' म्हणूनच ओळखले जाते.

या सततच्या वापराचे मोल मोठे आहे. जुन्या नाशकातले कितीतरी खासगी वाडे वाटण्या, भाडेकरूंचे वाद आणि डागडुजीअभावी दर पावसाळ्यात ढासळत गेले. सरकारवाड्याची मालकी मात्र कायम सरकारकडेच राहिली आणि काम कधी संपले नाही, म्हणून तो टिकला.

आज हे राज्य संरक्षित स्मारक असून पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली आहे. त्याच्या जतनात सर्वांत नाजूक प्रश्न ओलीचा आहे. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडते. त्यांवर सिमेंट लिंपले तर ती आत कोंडते आणि दगडातून वर चढत थेट लाकडापर्यंत पोहोचते. म्हणून अशा वास्तूत एखादा सांधा भरायचा झाला, तरी मुरवलेला चुनाच वापरायला हवा, मग त्याला कितीही वेळ लागो.