मणक्याला ठिबकने वीज

आबांच्या कंबरेचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की चकती झिजलीय, नस दबतेय, एल फोर आणि एल फाईव्ह हे दोन मणके जोडावे लागतील, आणि चोपड्याला परत येईपर्यंत गावात बातमी झाली की आबांना प्लेट टाकणार. मी रात्री मोबाईलवर वाचत बसलो तर त्यात निघालं की काही पेशंटच्या मणक्यात चक्क वीज सोडतात, हाड लवकर धरावं म्हणून. सकाळी चहा घेताना सांगितलं तर आबा म्हणे, "आते मनी पाठमा लाईट सोडतस का काय?"

सोडतात आबा, पण आधी एक गैरसमज काढू. आपल्याला वाटतं स्क्रू आणि सळ्या बसवल्या की मणके जोडले गेले, तसं नसतं. ते नुसतं सेंट्रिंग आहे, स्लॅब टाकताना खालून लावतात ना तसं. खरा स्लॅब म्हणजे दोन मणक्यांच्या मधे उगवणारं नवं हाड. चकती काढून तिथं एक छोटा पिंजरा बसवतात, केज म्हणतात त्याला, त्यात आणि आजूबाजूला हाडाचा चुरा भरतात, बऱ्याचदा पेशंटच्याच हाडाचा, आणि मग सहा महिने, कधी वर्षभर वाट बघायची. तेवढ्यात हाड धरलं तर ठीक, नाही धरलं तर रोजच्या उठण्याबसण्याने सगळा भार स्क्रूवर येत राहतो आणि एक दिवस तो ढिला होतो किंवा मोडतो. बिडी ओढणाऱ्यांचं, शुगरवाल्यांचं आणि दोनपेक्षा जास्त मणके जोडायचे असतील त्यांचं हाड धरायला जास्त कुरकुर करतं. (आबांची बिडी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद केली, तो राग अजून आहे.)

आता यात वीज कुठून आली? तर हाडातच होती. १९५७ साली जपानमधे फुकादा आणि यासुदा या दोघांनी दाखवलं की वाळलेल्या हाडावर दाब दिला की त्यात वीज तयार होते. आपला गॅसचा लायटर दाबला की टक्कन ठिणगी पडते ना, तोच प्रकार, फक्त हाडात फार फार बारीक. जिवंत हाड ओलं असतं, त्यातल्या बारीक नळ्यांतून दाबाबरोबर पाणी इकडून तिकडे सरकतं आणि त्यानेही वीज निर्माण होते, उलट जिवंत माणसात तीच जास्त महत्त्वाची धरतात. मजा म्हणजे हाडाच्या ज्या बाजूवर दाब पडतो ती बाजू ऋण म्हणजे मायनस होते आणि नवं हाड भरतं तेही तिथंच. जिथं भार तिथं हाड हे युलिउस वोल्फ या जर्मन डॉक्टरने १८९२ मधेच लिहून ठेवलं होतं. अंतराळात भारच नसतो म्हणून तिथं अंतराळवीरांचं हाड महिन्याला एक-दीड टक्का विरघळतं.

मग डॉक्टरांनी विचार केला की आपणच बाहेरून ऋण टोक लावलं तर? ऑस्ट्रेलियात ड्वायर नावाच्या सर्जनने १९७४ मधे मणके जोडताना हे करून पाहिलं. टायटॅनियमच्या बारीक तारा त्या हाडाच्या चुऱ्यात ठेवायच्या, त्या झाल्या ऋण टोक, आणि छोटी बॅटरी जवळच कातडीखाली. करंट साधारण २० ते ४० मायक्रोअँपिअर. मोबाईलचा चार्जर २ अँपिअरचा असतो, म्हणजे यातल्या २० च्या एक लाख पट. पेशंटला काही म्हणजे काही जाणवत नाही. बॅटरी सहाएक महिने चालते, मग लहानसं ऑपरेशन करून काढून घेतात.

हे वाचलं तेव्हा मला आपलं ठिबकच आठवलं. केळीला मोकाट पाणी सोडलं की मुळं सडतात, थेंब थेंब मुळाशी दिलं की घड भरतो. इथंही तेच, करंट वाढवला तर तारेजवळच्या पेशी मरतात, आणि मोजून दिला तर त्या ऋण टोकापाशी दोन गोष्टी घडतात, ऑक्सिजन थोडा कमी होतो आणि आम्लपणा घटतो. हाड बांधणाऱ्या पेशींना ही हवा मानवते, हाड खाणाऱ्यांना नाही. शिवाय हाड वाढवणारी काही प्रथिनंही त्या भागात जास्त बनतात.

पण म्हणून लगेच "मशीन टाका" म्हणत डॉक्टरांच्या मागे लागू नका भो. ज्यांचं हाड धरायला अडचण आहे त्यांच्यात फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, पण डेन्मार्कमधे साठीच्या वरच्या पेशंटवर, कुणाला वीज द्यायची ते नीट चिठ्ठ्या टाकून ठरवून चाचणी घेतली, तिचा निकाल २००९ मधे आला, त्यात वीज दिलेल्यांचे आणि न दिलेल्यांचे मणके जुळण्यात फरक दिसला नाही. म्हातारं हाड विजेलाही सहजासहजी ऐकत नाही असं मला तरी त्यातून वाटलं.

मला खरी भुरळ घातली ती अमेरिकेतल्या कान्सास विद्यापीठातल्या कामाने. एलिझाबेथ फ्रिस यांच्या टीमने केजच असा बनवला की बॅटरी लागतच नाही. त्यात लायटरमधल्यासारख्या दाबावर वीज देणाऱ्या पदार्थाचे पातळ थर एकावर एक रचलेत. माणूस चालला की पाठीवर भार येतो जातो, थर दाबले जातात, वीज निघते, ती सर्किटमधून एकाच दिशेला वळवून हाडाला मिळते. थर पातळ का, तर जाड एकच तुकडा घेतला तर आपल्या चालण्याच्या संथ गतीला त्यातून कामापुरता करंट निघत नाही. मेंढ्यांवर त्याच्या चाचण्या झाल्यात.

आबांना मात्र साधाच केज बसला. ऑपरेशननंतर पट्टा लावून ओट्यावर बसले होते तेव्हा त्यांना हे कान्सासचं सांगितलं. शेतातल्या मोटारीसाठी आयुष्यभर रात्री-बेरात्री उठलेला माणूस, त्यांनी एकच विचारलं, ती लाईट दिवसा राहते का रात्री?

म्हटलं, चाललं की लाईट, बसलं की गेली.

आबा काठी शोधायला लागले.