गुण दिसले की शेरा कोण वाचतो?

१८८८ साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनमधील रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक लेख लिहिला. लॅटिन गद्यलेखनाचा एकच नमुना २८ जाणकार परीक्षकांनी तपासला, तर त्याला किती गुण पडतात, याची नोंद त्या लेखात आहे. सर्वांत कडक परीक्षकाने १०० पैकी ४५ गुण दिले होते, तर सर्वांत उदार परीक्षकाने पूर्ण १००. एजवर्थने यावर कोणाला दोष दिला नाही. एकाच ताऱ्याचे स्थान मोजताना निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी थोड्याथोड्या वेगळ्या येतात, तसाच हा मोजमापातील दोष आहे, असे मानून त्याने त्याचे गणित मांडले. अडचण एवढीच होती की, ताऱ्याच्या नोंदींतला फरक नगण्य असतो आणि उत्तरपत्रिकेवरच्या या फरकावर एखाद्याचे पास-नापास ठरत होते.

पंचवीसेक वर्षांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी हेच अधिक मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. १९१२ मध्ये त्यांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांना पाठवल्या आणि १४२ शिक्षकांनी त्या तपासून परत केल्या. त्यांतील एका उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले होते. भाषेच्या पेपरात असे व्हायचेच, असे म्हणणाऱ्यांसाठी पुढच्याच वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. भूमितीत उत्तर बरोबर असते किंवा चूक असते, असा आपला समज असतो. पण त्या उत्तरपत्रिकेचे गुण २८ पासून थेट नव्वदीच्या पलीकडे पसरले. कोणी पद्धतीला गुण दिले होते, कोणी केवळ अंतिम उत्तर पाहिले होते, कोणी अस्वच्छ आकृतीसाठी गुण कापले होते. प्रत्येकाचा निकष त्याच्या परीने योग्यच होता, आणि नेमकी तीच गोष्ट गुणांच्या आकड्यात कोठेही दिसत नव्हती.

शिक्षक बेपर्वा असतात, असा या प्रयोगांचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. आकड्यात किंवा श्रेणीत पुष्कळशी माहिती दाबून बसवली जाते आणि दाबताना ती हरवते, हे त्यांतून कळते. श्रेणी मुळात शिकवण्यासाठी निघाल्याच नव्हत्या, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेतील येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ मध्ये परीक्षा दिलेल्या ५८ विद्यार्थ्यांची चार गटांत विभागणी केली: सर्वोत्तम २०, त्याखालचे १६, कनिष्ठ १२ आणि त्याहून खालचे १०. आजच्या श्रेणीपद्धतीचा हा एक जुना नमुना मानला जातो. कोण वर आणि कोण खाली, एवढेच त्या नोंदीतून समजते; खालच्या दहांना काय येत नव्हते, हे तिच्यात शोधूनही सापडणार नाही.

आकड्यांची सरासरी काढू लागलो की हरवलेल्या माहितीत आणखी भर पडते. एका विद्यार्थ्याला वर्षभरातील पाच चाचण्यांत ३०, ४५, ६०, ८० आणि ८५ गुण मिळाले, असे समजा. दुसऱ्याला नेमके हेच गुण उलट्या क्रमाने मिळाले. दोघांची सरासरी ६० येते. पहिल्याला वर्षअखेरीस विषय चांगला उमजला आहे आणि दुसऱ्याचे काहीतरी बिनसले आहे, त्याच्याशी तातडीने बोलण्याची गरज आहे. पण प्रगतिपुस्तक दोघांना एकाच मापाने तोलते. सायकल चालवणाऱ्याचे कौशल्य ठरवताना तो शिकताना किती वेळा पडला, याची सरासरी आपण धरत नाही. शाळेत मात्र पहिल्या महिन्यातील अडखळणे शेवटच्या महिन्यातील आकलनातून वजा होत राहते. शून्याची गोष्ट तर याहून विचित्र आहे. चार कामांत प्रत्येकी ८० गुण मिळवणाऱ्या मुलीने पाचवे काम वेळेत दिले नाही म्हणून तेथे शून्य मांडले, तर तिची सरासरी ६४ होते. हा ६४ तिच्या आकलनाबद्दल बोलतो की तिच्या वक्तशीरपणाबद्दल, हे तो पाहणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नसतो.

येथवर प्रश्न मोजमापाचा होता. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, गुण हाती पडल्यावर मुलाच्या मनात काय घडते? या बाबतीत इस्राएलमधील संशोधक रूथ बटलर यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग वारंवार सांगितला जातो, आणि तो तसा सांगितला जावा एवढ्या योग्यतेचा आहेच. पाचवी-सहावीच्या मुलांना काही कामे देण्यात आली. ती तपासून परत देताना एका गटाला केवळ शेरा दिला, दुसऱ्याला केवळ गुण, आणि तिसऱ्याला गुण व शेरा दोन्ही. ज्यांना केवळ शेरा मिळाला, त्या मुलांची पुढची कामगिरी सुधारली आणि हुशार व मागे पडणारी अशा दोन्ही प्रकारच्या मुलांचा कामातील रस टिकला. गुण मिळालेल्यांत तशी सुधारणा झाली नाही आणि मागे पडणाऱ्या मुलांचा रसही ओसरला. खरे आश्चर्य तिसऱ्या गटात होते. दोन्ही गोष्टी मिळाल्यामुळे या मुलांना दुहेरी लाभ व्हावा, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. पण त्यांचा निकाल केवळ गुण मिळालेल्या गटासारखाच लागला. शिक्षकाने वेळ काढून लिहिलेला शेरा शेजारच्या आकड्याने जणू पुसून टाकला होता.

बटलर यांच्या मते गुण पाहिले की मुलाचे लक्ष ‘काम कसे झाले’ यावरून उडून ‘मी कसा ठरलो’ याकडे जाते. पेपर वाटले जात असतानाचा वर्ग ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही. मुले पहिल्यांदा कोपऱ्यातला आकडा पाहतात, मग शेजाऱ्याचा आकडा पाहतात, आणि लाल शाईतल्या ओळी घडी घातलेल्या कागदात तशाच राहतात.

आता एका उदाहरणाकडे जवळून पाहू. गणित आहे १/२ + १/३. एका मुलीने उत्तर लिहिले २/५. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. दुसऱ्याने लिहिले २/६. त्याला समान छेद हवा हे ठाऊक आहे, पण छेद बदलला की अंशही बदलावा लागतो, हे तो विसरला. तिसऱ्याने ३/६ + २/६ इथपर्यंत सारे नीट केले आणि शेवटी घाईत ६/६ लिहिले. तिघांच्याही उत्तरांवर फुली पडते आणि तिघांनाही शून्य मिळते. वास्तविक पहिलीला अपूर्णांक म्हणजे काय हेच नव्याने समजून घ्यायचे आहे, दुसऱ्याची एक पायरी निसटली आहे, आणि तिसऱ्याला फक्त उत्तरावरून पुन्हा एकदा नजर फिरवायला सांगणे पुरेसे आहे. आजार तीन आणि चिठ्ठी एकच, असा हा प्रकार आहे. त्याऐवजी पहिल्या वहीत एवढेच लिहिले की, ‘२/५ हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काही मिळवल्यावर ते लहान कसे झाले?’, तर ती मुलगी पुन्हा गणिताकडे वळते. या शेऱ्यात कौतुक नाही आणि रागही नाही. तिने स्वतः पकडावी अशी विसंगती तेवढी तिच्यासमोर ठेवली आहे.

रॉइस सॅडलर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ मध्ये हीच गोष्ट तत्त्वरूपाने मांडली होती. विद्यार्थ्याला सुधारणा करायची असेल, तर चांगले काम कसे असते हे त्याला माहीत हवे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे, आणि मधले अंतर कमी करण्यासाठी काही करता आले पाहिजे. गुण फार तर अंतर आहे एवढे सांगतात. ते कसे कापायचे, याबाबत ते मौन पाळतात. म्हणूनच गुणांऐवजी शेऱ्यावर भर देणारे मानवी मूल्यमापन म्हणजे मवाळ मूल्यमापन, असे मला वाटत नाही. सर्वांना ‘छान’ लिहून मोकळे होणारा शिक्षक मुलांशी प्रेमाने वागत असेल, पण तो त्यांना ६० गुणांइतकीही माहिती देत नसतो.

शेरा कसाही लिहिला तरी चालतो, असेही नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये प्रतिसादाच्या, म्हणजे केलेल्या कामाबद्दल करणाऱ्याला जे सांगितले जाते त्याच्या, परिणामांवरील जुन्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. त्यातील ६०७ निष्कर्षांची सरासरी पाहता प्रतिसादाने कामगिरी सुधारते असे दिसले. पण एक तृतीयांशाहून अधिक निष्कर्षांत ती चक्क खालावली होती. प्रतिसाद कामावरून सरकून व्यक्तीवर आला की त्याचा उपयोग घटतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तू निष्काळजी आहेस’ ही वाक्ये ऐकायला कितीही वेगळी असली, तरी दोन्ही मुलाला आरशासमोरच उभे करतात.

गुण नकोत म्हणजे चाचण्याच नकोत, हा समजही दूर करायला हवा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्याने तो एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले आणि लिहून काढणाऱ्यांकडे ६१ टक्के. आठवण्याचे कष्ट स्मरण पक्के करतात, आणि त्या कष्टांवर आकडा चिकटवण्याची गरज नसते. चाचणी हे शिकण्याचे उत्तम साधन आहे. आपण तिला निवाड्याच्या कामाला जुंपले आहे.

दीर्घ मुदतीत काय होते, हे पाहण्याची संधी स्वीडनमुळे मिळाली. तेथे १९६९ ते १९८२ या काळात सहावीच्या मुलांना श्रेणी द्यावी की नाही, हे नगरपालिकांवर सोपवले होते. त्यामुळे एकाच देशात, एकाच वयाची, श्रेणी मिळालेली आणि न मिळालेली अशी मुले आपोआप तयार झाली. आल्ली क्लाप यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बौद्धिक चाचण्यांत मागे असलेल्या मुलांपैकी ज्यांना सहावीत श्रेणी मिळाल्या होत्या, ती पुढच्या वर्गांत तुलनेने आणखी मागे पडली आणि उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याची त्यांची शक्यताही कमी राहिली. कोणत्या नगरपालिकेने काय निवडावे, हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, म्हणून या निष्कर्षाकडे थोडे सावधपणे पाहायला हवे. तरीही ज्यांना श्रेणीचा धाक सर्वांत उपयोगी पडेल असे आपण समजतो, त्यांनाच तिचा जाच झालेला दिसतो.

श्रेणी काढल्या तर दर्जा घसरेल, ही भीती वैद्यकीय शिक्षणात सर्वांत जास्त असणे साहजिक आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पहिल्या दोन वर्षांसाठी श्रेणींऐवजी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी पद्धत आणली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार नव्या पद्धतीतील विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले होते, आणि अभ्यासक्रमातील व नंतरच्या परवाना परीक्षेतील कामगिरीत लक्षणीय फरक पडला नव्हता.

निवडीचा प्रश्न तरीही उरतोच. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असतील, तेथे कोणत्या तरी स्वरूपात क्रम लावावा लागणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाच्या ज्या दोन जाती सांगितल्या, त्यांना आपण आकारिक आणि संकलित म्हणतो. आकारिक असते ते काम चालू असताना ते सुधारण्यासाठी, आणि संकलित असते ते काम संपल्यावर त्याचा निर्णय देण्यासाठी. व्यवहारात घोळ होतो तो आकारिक चाचण्यांचे गुणही गोळा करून संकलितात मिळवल्यामुळे. सरावात केलेली चूक अंतिम हिशोबात धरली जाणार असेल, तर मूल चूक उघडी करण्याऐवजी ती झाकायला शिकते, आणि शिक्षकाला नेमके जे पाहायचे असते तेच दिसेनासे होते.

दुसरी अडचण वेळेची आहे आणि शिक्षक ती बोलून दाखवतात तेव्हा त्यांचे बरोबर असते. ४० मुलांच्या वहीत प्रत्येकी तीन मिनिटे खर्चून शेरा लिहायचा म्हटले, तर एका गृहपाठाला दोन तास लागतात, आणि वर्ग काही एकच नसतो. पण चुका ४० प्रकारच्या नसतात. वर दिलेल्या अपूर्णांकाच्या गणितात त्या बहुधा तीन-चार प्रकारांत बसतात. अशा वेळी वह्यांचे ढीग गुणांनुसार न लावता चुकीच्या प्रकारानुसार लावता येतात आणि प्रत्येक ढिगासाठी एकच प्रश्न तयार करता येतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नावे न घेता २/५ आणि २/६ ही दोन उत्तरे लिहायची, ही कोणत्या विचाराने आली असतील असे वर्गालाच विचारायचे, मग वह्या परत द्यायच्या आणि तेच गणित पुन्हा सोडवायला दहा मिनिटे द्यायची. नोंदवहीत काही लिहायचेच असेल, तर ते या दुसऱ्या प्रयत्नाचे लिहावे.