वजनाचे इंजेक्शन आणि साखरेच्या जुन्या गोळ्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारे एकसष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक डोळ्यांसमोर आणू. हे गुरुजी काल्पनिक आहेत, परंतु त्यांच्या पिशवीतील प्रत्येक औषध खरे आहे. बारा वर्षांपासून मधुमेह असलेले गुरुजी न्याहारीआधी एक गोळी घेतात, तिच्यात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज अशी तीन औषधे एकत्र आहेत. दुपारच्या गोळीत सिटाग्लिप्टिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन अशी आणखी दोन. त्यांच्या लेखी मात्र या ‘शुगरच्या दोन गोळ्या’ आहेत. रंकाळ्याभोवती फेऱ्या मारूनही वजन हटेना, म्हणून ते दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले आणि तेथे आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन सुरू झाले. सध्या काय चालू आहे, असे विचारल्यावर त्यांनी ‘शुगरच्या दोन गोळ्या’ असे सांगितले आणि ते खोटेही नव्हते. प्रत्यक्षात त्यांच्या शरीरात आता सहा औषधे होती, आणि त्या सहाही औषधांकडे एकत्र कोणी पाहिलेले नव्हते.

वजनाचे औषध वेगळे आणि साखरेचे वेगळे, ही समजूतच येथे घात करते. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, यकृताला साखर ओतण्यास प्रवृत्त करणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते. डीपीपी-४ नावाचे विकर (एन्झाइम) या नैसर्गिक संप्रेरकाचा दोन-तीन मिनिटांत फडशा पाडते. सेमाग्लुटाइडचा रेणू त्याच संप्रेरकासारखा, परंतु या विकराला दाद न देणारा असा घडवलेला आहे. शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. टिर्झेपाटाइड हे असेच दुसरे इंजेक्शन जीएलपी-१ बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. म्हणजे ही इंजेक्शने मुळात मधुमेहाचीच औषधे आहेत आणि वजनावरील त्यांचा परिणाम त्याच कार्यपद्धतीतून येतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींचे वजन सेमाग्लुटाइडच्या आठवडी २.४ मिलिग्रॅम मात्रेने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. मधुमेही व्यक्तींमध्ये त्याच मात्रेने झालेली घट ९.६ टक्के होती, आणि मधुमेही रुग्णाने शेजाऱ्याच्या वजनाशी स्वतःची तुलना करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घ्यावा, असे मला वाटते.

एकच रेणू अनेक नावांनी विकला जातो, यातून पहिला गोंधळ होतो. ओझेम्पिक, वेगोव्ही आणि रायबेल्सस या तिन्हींमध्ये सेमाग्लुटाइडच आहे. रायबेल्सस ही गोळी आहे, बाकी दोन मुख्यतः इंजेक्शने. एका डॉक्टरांनी साखरेसाठी गोळी आणि दुसऱ्यांनी वजनासाठी इंजेक्शन दिले, तर रुग्ण दोन औषधे घेत असल्याच्या समजात एकच औषध दुप्पट घेत असतो. सेमाग्लुटाइडबरोबर याच गटातील लिराग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड घेणे हेही याच प्रकारात मोडते. अशा दुपटीने मळमळ, उलट्या, जुलाब आणि त्यातून होणारे निर्जलीकरण वाढते, म्हणून या गटातील दोन औषधे एकत्र देऊ नयेत असे त्यांच्या माहितीपत्रकांतच म्हटलेले असते.

गुरुजींच्या दुपारच्या गोळीतील सिटाग्लिप्टिन हे याच गोष्टीचे सौम्य रूप. ते डीपीपी-४ विकराला रोखून शरीराचे स्वतःचे जीएलपी-१ थोडे अधिक टिकवते. इंजेक्शनाने जीएलपी-१ चा मार्ग त्याहून कितीतरी अधिक जोराने चालू केला असताना या गोळीने पदरात फारसे काही पडत नाही, म्हणून मधुमेहावरील प्रमुख मार्गदर्शक सूचना ही जोडी टाळायला सांगतात. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन यांनाही हेच लागू आहे. येथे धोक्यापेक्षा पैशांचा अपव्यय मोठा आहे.

खरा धोका सकाळच्या गोळीत आहे. एकटे सेमाग्लुटाइड रक्तातील साखर सहसा फार खाली नेत नाही, कारण त्याच्यामुळे स्रवणारे इन्सुलिन साखर वाढलेली असतानाच स्रवते आणि साखर उतरली की तो प्रभाव ओसरतो. ग्लिमेपिराइडला असा लगाम नाही. ते स्वादुपिंडातील बीटा पेशींची पोटॅशियमची दारे बंद करून इन्सुलिन बाहेर काढते, मग रक्तात साखर २०० असो वा ७०. गुरुजींची मात्रा ज्या काळात ठरली, त्या काळात ते तांबड्या-पांढऱ्या रश्शाबरोबर तीन भाकरी खात होते. आता इंजेक्शनामुळे एका भाकरीतच पोट भरते, गोळी मात्र तीन भाकरींच्या हिशेबाने काम करत राहते. रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तिला कमी म्हणतात, आणि ५४ च्या खाली गेली की मेंदूच्या कामात अडथळा येऊ लागतो. दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड ही नेहमीची लक्षणे. परंतु रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्या व्यक्तीला धडधड आणि कंप जाणवेलच असे नाही, घाम तेवढा फुटतो. वयस्कर माणूस अशा वेळी फक्त असंबद्ध बोलू लागतो आणि घरच्यांना तो वयाचा परिणाम वाटतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांसाठी ही जोडी अधिकच जोखमीची आहे. त्यामुळे इंजेक्शन सुरू करताना ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळीची मात्रा घटवावी किंवा ती थांबवावी का, याचा निर्णय डॉक्टरांनी त्याच भेटीत घ्यायला हवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही मात्रा घटवावी लागू शकते, मात्र स्वतःच्या मनाने इन्सुलिन एकदम बंद करणे हा त्याहून मोठा धोका आहे.

आता वोग्लिबोजकडे वळू, कारण कोल्हापूरकरांनी हे औषध नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. साखर कमी झाली की आपल्याकडे हात आपसूक गुळाच्या खड्याकडे जातो. गुळातील बहुतेक साखर सुक्रोज असते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे रेणू एकमेकांना जोडलेले, आणि लहान आतड्यातील विकराने ती जोडी तोडल्याशिवाय ग्लुकोज रक्तात जात नाही. वोग्लिबोज आणि अकार्बोज ही औषधे नेमके तेच विकर अडवतात, जेवणानंतरची साखर हळू चढावी म्हणून. घामाघूम झालेल्या गुरुजींना घरच्यांनी गूळ किंवा साखरेचे पाणी दिले, तर ती साखर हवी त्या वेळी हव्या त्या वेगाने रक्तात पोहोचणार नाही. त्यांना औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडरच द्यायला हवी, सुमारे १५ ग्रॅम पाण्यातून. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर साखर पुन्हा तपासायची आणि ती कमीच असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. शुद्धीवर आल्यावरही निर्धास्त होऊन चालत नाही, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम पुष्कळ तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

डॅपाग्लिफ्लोझिनची गोष्ट निराळी. ते मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाही, त्यामुळे दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लुकोज लघवीवाटे बाहेर पडते आणि सोबत पाणीही नेते. इंजेक्शन आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही जोडी मुळात वाईट नाही, उलट हृदय आणि मूत्रपिंड यांच्या रक्षणासाठी अनेक रुग्णांना ती विचारपूर्वक दिली जाते. परंतु चैत्रातील उन्हात जोतिबाचा डोंगर चढताना, किंवा इंजेक्शनाची मात्रा वाढवल्यानंतरच्या आठवड्यात उलट्या चालू असताना, शरीरातील पाणी दोन्ही वाटांनी जाते. त्यातच अन्न पोटात गेले नाही, तर शरीर चरबी जाळू लागते आणि क्वचित प्रसंगी रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात. या अवस्थेची सर्वांत फसवी बाब म्हणजे ग्लुकोमीटरवरील आकडा बऱ्याचदा २५० च्या आत, अगदी बरा वाटावा असा असतो. उलट्या, पोटदुखी, गळून जाणे, धाप लागणे ही तिची लक्षणे. आणि उलट्या ही इंजेक्शनाचीही नेहमीची तक्रार असल्यामुळे ‘सवय होईल’ असे म्हणून त्या अंगावर काढल्या जातात. अन्नपाणी पोटात ठरत नसेल अशा दिवसांत डॅपाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायला डॉक्टर सांगतात. त्या कोणत्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या, हे आजारी पडण्याआधीच लिहून घेतलेले बरे.

वेगवेगळी मंजूर असलेली दोन औषधे एकत्र केल्यावरही मंजूरच राहतात, असे मानण्याची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. अमेरिकेत फेंटरमिनला १९५९ मध्ये आणि फेनफ्लुरामिनला १९७३ मध्ये परवानगी मिळाली होती. नव्वदच्या दशकात डॉक्टर वजनासाठी ही दोन्ही एकत्र लिहून देऊ लागले, जरी त्या जोडीला औषध नियंत्रकांची मान्यता कधीच नव्हती. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ही औषधे घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपांत बिघाड आढळल्याचे कळवले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. पुढे सिब्युट्रामिनवर हृदयविकार आणि पक्षाघाताच्या जोखमीमुळे २०११ मध्ये भारतात बंदी आली, तरीही ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ म्हणवणाऱ्या वजन घटवण्याच्या पावडरींत आणि कॅप्सूलांत ते चोरून मिसळलेले आढळल्याचे इशारे अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी दिले आहेत. ओळखीतून मिळालेली अशी पावडर चालू असेल, तर ती पिशवीतील सातवे औषध समजून डॉक्टरांना दाखवली पाहिजे.

डोळ्यांचा मुद्दा सहसा राहून जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत दृष्टिपटलाच्या (रेटिनाच्या) गुंतागुंती ३ टक्के रुग्णांत दिसल्या, तर औषध न मिळालेल्या गटात १.८ टक्के. दीर्घकाळ वाढलेली साखर झपाट्याने उतरणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते, आणि आधीच दृष्टिपटल बिघडलेल्या व्यक्तींना, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना, ती जोखीम अधिक होती. म्हणून जुना मधुमेह असलेल्यांनी मात्रा वाढवण्यापूर्वी दृष्टिपटल तपासून घ्यावे. टिर्झेपाटाइड घेणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक सूचना आहे: तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरा उपायही योजावा लागतो.

गुरुजींच्या सहा औषधांकडे एखाद्या डॉक्टरांनी एकत्र पाहिले, तर साधारणपणे काय घडेल? सिटाग्लिप्टिन बहुधा जाईल. ग्लिमेपिराइड घटेल किंवा थांबेल, पण ते तिहेरी गोळीत अडकलेले असल्याने ती गोळीच बदलून मेटफॉर्मिन वेगळे द्यावे लागेल. डॅपाग्लिफ्लोझिन आजारपणाच्या सूचनांसह राहू शकेल. वजन उतरेल तसा रक्तदाबही उतरतो, त्यामुळे चालू असल्यास त्या गोळ्यांचीही फेरतपासणी होईल. हे व्हायचे असेल तर गुरुजींनी दोन्ही डॉक्टरांकडे गोळ्यांच्या पट्ट्या आणि इंजेक्शनाचे खोके न्यायला हवे, कारण ठळक अक्षरांतील नावाखाली प्रत्येक घटक आणि त्याची मात्रा बारीक अक्षरांत छापलेली असते. इंजेक्शन बंद केल्यानंतरही सेमाग्लुटाइड सुमारे पाच आठवडे अंगात रेंगाळते, म्हणून नुकतेच बंद केलेल्या इंजेक्शन-पेनचे खोकेही त्या पिशवीत असावे. पुढे पित्ताशयाच्या खड्यांची शस्त्रक्रिया ठरली, आणि वजन वेगाने घटताना असे खडे होण्याची शक्यता वाढते, तर शेवटचे इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले हे भूलतज्ज्ञांना आधी कळवावे लागेल, कारण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते आणि भुलेत ते श्वासनलिकेत उतरू शकते.