पेशी-आसंजन

पेशी एकमेकींना आणि भोवतालच्या आधारद्रव्याला धरून राहतात, त्याला पेशी-आसंजन म्हणतात. याला डिंकाची उपमा देतात, ती फसवी आहे. हे बंध पृष्ठभागावरील प्रथिनांचे असतात. एकेकटे दुबळे, शेकड्यांनी मिळून भक्कम, आणि पेशीला ते सोडताही येतात. प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये स्पंज हा जिवंत समुद्री प्राणी बारीक कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, तर त्या पुन्हा गोळा होऊन त्यांचा स्पंज बनला.

पेशी-पेशींमधला मुख्य दुवा म्हणजे कॅडहेरिन हे प्रथिन. त्याच्या बाहेरच्या भागात पाच खंड असतात. खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसले की रेणू ताठ राहतो, कॅल्शियम काढले की लुळा पडतो आणि पकड सुटते. आतल्या बाजूस तो कॅटेनिन या जोड-प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना बांधलेला असतो. त्वचेतल्या डेस्मोसोम या पेशी-सांध्यांमध्ये याच कुळातली प्रथिने केराटिनच्या तंतूंना जोडलेली असतात. पेम्फिगस व्हल्गॅरिस या विकारात शरीराची प्रतिपिंडे त्यांपैकी डेस्मोग्लेइन-३ या प्रथिनावर हल्ला करतात, त्यामुळे पेशी सुटून तोंडात आणि अंगावर सहज फुटणारे फोड येतात.

आधारद्रव्याशी नाते इंटेग्रिन या प्रथिनांचे. माणसात अल्फा प्रकारची १८ आणि बीटा प्रकारची ८ उपएकके मिळून २४ जोड्या होतात. बीटा-२ हे उपएकक सदोष असेल तर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरू शकत नाहीत. रक्तात त्यांची गर्दी, पण जंतुसंसर्गाच्या जागी पू नाही, असे चित्र दिसते.

प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या संवर्धन-बशीत हे सारे हाताशी येते. चिकटलेल्या पेशी उचलायच्या तर आधी माध्यम (पेशींचे पोषक द्रव) ओतून टाकून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या बफरने (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाने) धुवावे. माध्यमातल्या सीरमचा (रक्तातल्या द्रवाचा) अंश उरला तर पेशी सोडवणारे ट्रिप्सिन हे विकर निकामी होते. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन आणि ईडीटीए घालून ३७ अंश सेल्सिअसला साधारण २ ते ५ मिनिटे ठेवावे. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेते, ट्रिप्सिन प्रथिने कापते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल, चकचकीत होऊन टिचकीसरशी सरकू लागल्या की सीरमयुक्त माध्यमाने क्रिया थांबवावी. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा. उशीर झाला तर पृष्ठभागावरची ग्राहके (संदेश टिपणारी प्रथिने) कापली जातात, काही पेशी फुटतात आणि बाहेर पडलेल्या डीएनएमुळे चिकट गुठळ्या होतात. ग्राहकेच मोजायची असतील तर ट्रिप्सिन टाळून नुसते ईडीटीए वापरलेले बरे.

नव्या बशीत पेशी बसेनात, तर आधी बशी पाहावी. जिवाणूंसाठीच्या साध्या पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग पाणी झिडकारतो. पेशींसाठीचा प्लाझ्मा-प्रक्रियेने जलस्नेही केलेला असतो. दोन्ही दिसायला सारख्याच, आणि दोष मात्र पेशींना दिला जातो.