त्सित्सीत

चार कोपऱ्यांच्या वस्त्राला, दर कोपऱ्यास एक याप्रमाणे, धर्मशास्त्राने घालून दिलेल्या रीतीने बांधलेले दोऱ्यांचे गोंडे म्हणजे त्सित्सीत. यहुदी धर्मातील ही आज्ञा तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, दोनदा येते. गणना १५:३७–४१ मध्ये ती सविस्तर आहे: इस्राएलाच्या संतानाने वस्त्रांच्या कोपऱ्यांना गोंडे लावावेत, त्यांत एक निळा धागा घालावा, तो पाहून देवाच्या सर्व आज्ञा आठवाव्यात आणि मनाच्या व डोळ्यांच्या मागे वाहवत जाऊ नये. अनुवाद २२:१२ मध्ये तीच गोष्ट एका ओळीत उरकली आहे. मराठी बायबलात यासाठी ‘गोंडे’ हा शब्द वापरलेला आहे.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे धोतराच्या किंवा उपरण्याच्या दशा येण्याचा संभव आहे. नेमका तिथेच फरक आहे. माग सोडताना कापडाच्या टोकाला सुटे राहिलेले ताण्याचे धागे म्हणजे दशा. कापडातूनच लोंबणाऱ्या अशा धाग्यांना गाठी मारून त्सित्सीत केली, तर तालमुदानुसार, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या प्राचीन संग्रहानुसार, ती बाद ठरते. ‘करावे, आयते झालेले घेऊ नये’ हा यामागचा नियम. दोरे बाहेरून आणायचे, भोकातून ओवायचे आणि हे सारे वस्त्राला चार कोपरे असताना करायचे. तीन कोपऱ्यांच्या कापडाला आधी गोंडे बांधून मागाहून चौथा कोपरा काढला, तर ते गोंडे सोडून पुन्हा बांधावे लागतात. दोऱ्याचे सूत कातले जातानाच ‘हे त्सित्सीतसाठी’ असा हेतू असावा लागतो. बाजारातला कुठलाही दोरा चालत नाही.

एका कोपऱ्याचे काम जवळून पाहिले तर ते असे चालते. कडेपासून अंगठ्याच्या एका पेराहून कमी नाही आणि तीन बोटांहून दूर नाही, अशा बेताने भोक पाडतात. जास्त कडेला गेले तर ते ‘कोपऱ्यावर’ राहत नाही, जास्त आत गेले तर ‘कोपऱ्याचे’ राहत नाही. पीळ दिलेले चार दोरे त्यातून ओवून दुमडले की आठ पदर लोंबतात. चारांपैकी एक मुद्दाम लांब ठेवलेला असतो. त्याला शमाश, म्हणजे सेवक, म्हणतात, कारण बाकीच्यांभोवती वेढे घेण्याची चाकरी त्याच्याकडे. दुहेरी निरगाठ, मग वेढे, पुन्हा निरगाठ, असे करत पाच गाठी आणि त्यांच्यामध्ये वेढ्यांचे चार टप्पे होतात. युरोपीय वळणाच्या अश्केनाझी समाजात वेढे ७, ८, ११, १३ असे घेतात. मूळच्या स्पेनमधील सेफार्दी परंपरेत १०, ५, ६, ५. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते. सेफार्दी आकडे म्हणजे देवाच्या चार अक्षरी नावाची अक्षरेच, तर अश्केनाझी वेढ्यांची ३९ ही बेरीज ‘परमेश्वर एक आहे’ या शब्दांची. वेढ्यांचा भाग एकतृतीयांश आणि सुटे पदर दोनतृतीयांश असले की गोंडा सुबक मानतात.

अंकांचा आणखी एक प्रसिद्ध हिशेब राशी या भाष्यकाराने दिला आहे: त्सित्सीत या शब्दाचे मूल्य ६००, पदर ८ आणि गाठी ५, मिळून ६१३, म्हणजे तोरातील एकूण आज्ञांची परंपरागत संख्या. हिशेब देखणा असला तरी पुढचा भाष्यकार नाखमानिदेस याने त्यावर बोट ठेवले होते. तोरामध्ये हा शब्द एक अक्षर कमी घालून लिहिला आहे, तेव्हा ६०० ही बेरीज तिथे जुळत नाही. सांगताना मात्र आजही राशीचाच हिशेब सांगतात.

नियमांचा मूळ गाभा तालमुदाच्या मेनाखोत या ग्रंथात आहे. पुढे धर्मशास्त्रज्ञ मायमोनिदेसने बाराव्या शतकात त्यांची सूत्रबद्ध मांडणी केली आणि योसेफ कारो यांच्या सोळाव्या शतकातील शुलखान आरुख या नियमसंहितेत त्यांना आजचे रूप आले. या साऱ्या चर्चेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. त्सित्सीतचे बंधन चार कोपऱ्यांचे वस्त्र अंगावर घेतले की लागू होते. असे वस्त्र वापरलेच नाही तर मोडण्यासारखी आज्ञाच उरत नाही. म्हणूनच वस्त्राची तपासणी फार बारकाईने होते. गोल कोपरा हा कोपरा नव्हे. तीन कोपरे असतील तर बंधन नाही. पाच असतील तर आहे, पण गोंडे एकमेकांपासून सर्वांत लांबच्या चारांनाच. कातड्याच्या वस्त्राला सूट. उसने आणलेल्या वस्त्राला पहिले तीस दिवस सूट. लोकर आणि लिनन यांवर आज्ञा थेट तोराची. सुती कापडावर ती तोराची की रब्बींची, यावर सेफार्दी आणि अश्केनाझी मत वेगळे. विसाव्या शतकात नायलॉन आले तेव्हा अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी अशा कृत्रिम कापडाला बंधन नाही असा निर्णय दिला.

जुन्या काळी अंगावरचे पांघरूण चौकोनी असे, त्यामुळे वाट काढायला जागा कमी होती. तरी काढणारे होतेच. तालमुदात रव (म्हणजे रब्बी) कतीना यांची गोष्ट येते. ते उन्हाळ्यात चादर पांघरत आणि हिवाळ्यात सर्बाल नावाचा झगा. दोन्हींना त्सित्सीत लागत नसे. एकदा देवदूत भेटला आणि म्हणाला, “कतीना, कतीना, उन्हाळ्यात चादर, हिवाळ्यात सर्बाल, मग त्सित्सीतचे काय?” कतीनांनी विचारले, “आज्ञा पाळली नाही म्हणून शिक्षा होते काय?” देवदूताचे उत्तर असे, की देवाच्या कोपाच्या वेळी होते. कायद्याच्या दृष्टीने कतीना चुकलेले नव्हते, आणि गोष्टीची गंमतही तीच आहे. पुढे शिवलेले, बाह्यांचे कपडे आले आणि पोशाखातून चार कोपरे गेले, तेव्हा यहुदी समाजाने कतीनांची वाट सोडून उलटी वाट धरली: बंधन ओढवून घेण्यासाठीच चार कोपऱ्यांचे वस्त्र शिवले जाऊ लागले.

अशी वस्त्रे दोन. सकाळच्या प्रार्थनेत खांद्यावरून घ्यायची मोठी शाल म्हणजे तालीत. दिवसभर सदऱ्याखाली किंवा सदऱ्यावर घालायचे, मधोमध गळा कापलेले आयताकृती वस्त्र म्हणजे तालीत कातान, लहान तालीत. मोठ्या शालीसाठी ‘त्सित्सीत पांघरण्याची आज्ञा’ असा आशीर्वाद म्हणतात, लहानासाठी शब्द किंचित वेगळे. लहान तालीतचे दोरे बाहेर लोंबू द्यावेत की आत खोचावेत, यावर दोन वळणे आहेत. शुलखान आरुखने हे वस्त्र कपड्यांच्या वर घालण्यास सांगितले. गूढवादी इसहाक लुरिया यांच्या परंपरेने ते आत ठेवले. आज साधारणपणे अश्केनाझी कर्मठांचे दोरे पँटच्या बाजूने लोंबताना दिसतात आणि सेफार्दींचे दिसत नाहीत. दफनभूमीत मात्र बाहेरचेही खोचून घेतात, कारण मृतांना आता आज्ञा पाळता येत नाहीत आणि त्यांच्यासमोर त्या मिरवणे ही त्यांची थट्टा ठरते. मृताला त्याच्याच तालीतमध्ये गुंडाळण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तेव्हा एक गोंडा कापतात.

‘पाहावे’ असे वचन असल्याने आज्ञा दिवसाची. रात्री तालीत घेत नाहीत. अपवाद योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, आणि तेव्हाही आशीर्वाद साधण्यासाठी ती सूर्यास्तापूर्वी पांघरतात. काळाशी बांधलेल्या अशा आज्ञांतून स्त्रियांना सूट असल्याने रूढ मतात त्सित्सीत पुरुषांची. पण तालमुदातच रव यहुदा आपल्या घरातील स्त्रियांच्या वस्त्रांना त्सित्सीत लावत, अशी नोंद आहे. स्त्रीने घेतल्यास हरकत नाही, आशीर्वाद तेवढा म्हणू नये, असे मायमोनिदेसचे मत. त्यात अहंमन्यता दिसते, असे पोलंडमधील मोशे इस्सेर्लेस यांचे. सुधारणावादी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह सभास्थानांत आज स्त्रिया तालीत घेतात. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी तालीत पांघरणाऱ्या स्त्रियांना पोलीस ताब्यात घेत. २०१३ मध्ये तेथील जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

निळ्या धाग्याची, तेखेलेतची, कथा वेगळीच. हा रंग हिल्लाझोन नावाच्या समुद्री जीवापासून काढत. निळा समुद्रासारखा, समुद्र आकाशासारखा, आकाश देवाच्या सिंहासनासारखे, अशी पायरी रब्बी मेईर यांनी लावली. रंग अतिशय महाग, म्हणून नक्कलही चाले: वनस्पतीपासूनच्या निळीत बुडवलेला धागा तेखेलेत म्हणून खपवणाऱ्याला देव धडा शिकवील, असे तालमुदात बजावले आहे. सातव्या शतकाच्या सुमारास हा रंग काढण्याची विद्या लोपली. निळ्यावाचून पांढऱ्याचे अडत नाही, असे मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या मूळ भागात, आधीच म्हटले असल्याने गोंडे पांढरे झाले आणि शतकानुशतके तसेच राहिले.

१८८० च्या दशकात पोलंडमधील रॅड्झिनच्या रब्बी गेर्शोन हेनोख लाइनर यांनी कटलफिश या समुद्री प्राण्याच्या शाईपासून निळा रंग तयार केला. पुढे इस्राएलचे प्रमुख रब्बी झालेले इसहाक हर्झोग यांनी १९१३ मध्ये लंडन विद्यापीठाच्या प्रबंधात तो तपासून घेतला, तेव्हा निघाला प्रशियन ब्लू. म्हणजे निळेपण प्रक्रियेतल्या लोखंडाचे, कटलफिशचे नव्हे. म्युरेक्स ट्रंक्युलस या शंखातून रंग मिळतो हे ठाऊक होते, पण तो जांभळट येई. १९८० च्या दशकात इस्राएलमधील शेंकर कॉलेजातील ऑटो एल्सनर यांच्या ध्यानात आले की द्रावणावर ऊन पडले की त्यातील ब्रोमीन सुटते आणि लोकर शुद्ध निळी होते. मौज अशी, की हा निळा आणि झाडाची नीळ रासायनिकदृष्ट्या एकच. तालमुदाने ज्याला खोटे म्हटले त्याचा रेणू खऱ्याचाच आहे, फरक केवळ उगमाचा. आता हे दोरे विकत मिळतात. आठ पदरांपैकी निळे किती, यावर मायमोनिदेस एक, त्याचा टीकाकार राबाद दोन आणि राशी चार म्हणतात, आणि तिन्ही तऱ्हांचे गोंडे बांधले जातात.

देव एक आहे असे सांगणाऱ्या, सकाळच्या शेमा प्रार्थनेपूर्वी चारही गोंडे डाव्या हातात गोळा करून छातीशी धरतात. गणनातील उतारा वाचताना ‘त्सित्सीत’ शब्द येईल तेव्हा त्यांचे चुंबन घेतात. कोकणात घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, हेही हाच शेमा म्हणत आले. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मध्ये सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी उभारले. उपासना सेफार्दी वळणाची. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली.

दोरे झिजतात, तुटतात. तुटलेल्या टोकाची सुरगाठ मारता येईल इतकी लांबी उरली असेल तर गोंडा चालतो. चार गोंडे मिळून एकच आज्ञा असल्याने एक बाद झाला की उरलेले तीन निव्वळ ओझे ठरतात, आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी रस्त्यावरून ओझे नेणे निषिद्ध आहे. तालमुदात गोष्ट आहे: रवीना हे रब्बी एका शब्बाथला मार बार रव अशी या दुसऱ्या रब्बींच्या मागून चालत होते. पुढच्याचा गोंडा वाटेत तुटला, रवीना गप्प राहिले. घरी पोहोचल्यावर त्यांनी सांगितले, तेव्हा मार म्हणाले, “तिथेच सांगितले असतेस, तर मी वस्त्र तिथेच टाकले असते.” लोकांची अब्रू राखण्यासाठी अशा वेळी गप्प राहावे काय, यावर तालमुदात पुढे बराच वाद आहे. काढून टाकलेले जुने दोरे फेकायला शास्त्राची हरकत नाही, पण अनेकजण ते प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून ठेवतात.