उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं का?

‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं’ असं शिकाऊ चालकांना सर्रास सांगितलं जातं. जुन्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल आत खेचणाऱ्या, गाड्यांत त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून पेट्रोल सोडतो अशा, गाडीत मात्र गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. डॅशबोर्डवर त्या क्षणाचं मायलेज दिसत असेल, तर गिअरमध्ये उतरताना आकडा टोकाला गेलेला दिसेल.

खरी काळजी ब्रेकची. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. कसारा घाटासारख्या लांब उतारावर, चढताना लागला असता तोच गिअर, बहुधा दुसरा किंवा तिसरा, उतार सुरू होण्याआधीच टाका. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्या. पाणी ओतू नका.